तोलाईदाराचा मुलगा

महोदय,

वडील सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार, म्हणजे शेतमालाचं वजन करणारे, होते. हळदीच्या सीझनला घरी येत तेव्हा अंग, रुमाल, अगदी सायकलची सीटही पिवळी! एका रात्री जेवताना त्यांच्या लक्षात आलं, की तासगावकडच्या एका शेतकऱ्याच्या पट्टीत (मालाच्या हिशेबाच्या कागदात) आपण एक पोतं कमी लिहिलंय. ताटावरून उठलेच. पहाटे पहिल्या एसटीनं त्याच्या गावी गेले, मला बरोबर घेऊन. तो चहा ठेवायला निघाला, तर म्हणाले, "चूक माझी, अन् चहा कसला पाजताय?" (शेवटी प्यायले.)

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. आमच्या दोन खोल्यांत तेव्हा तीन कुटुंबं होती. वडिलांनी आईला न विचारताच आणलेली, त्यावरून बोलणीही खाल्ली.

आता माझं किराणा दुकान आहे. परवा एका आजींना सुटे देताना पन्नासची नोट कमी गेली. शटर अर्धं ओढून तसाच त्यांचं घर शोधत निघालो. मागून मुलगा कुरकुरत होता, "पप्पा, उद्या दिले असते की!" पण येत होता.

– एक वाचक, सांगली