हॅमट्रॅम्कचे ‘गोरे’ नेमके कोण?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला दवाखान्याच्या अनुदान-अर्जाचा मसुदा काल रात्री वाचला. दवाखान्याची गरज, खर्चाचा हिशेब, सगळं नेटकं उतरलंय. अडलो ते लोकसंख्येच्या परिच्छेदाशी. ‘शहरात गोरे सर्वाधिक, त्याखालोखाल आशियाई आणि कृष्णवर्णीय’ एवढ्या एका वाक्यात तू मिशिगनमधलं हे हॅमट्रॅम्क शहर उरकलंस. वाक्य खोटं नाही. २०१०च्या जनगणनेतही गोऱ्यांचा रकाना निम्म्याच्या वर होता. पण राज्याच्या राजधानीत, लान्सिंगच्या कचेरीत, हा अर्ज जो वाचेल, त्याने हॅमट्रॅम्क पाहिलेलं असेलच असं नाही. गोऱ्यांचं गाव म्हटल्यावर तो म्हणेल, मग दुभाष्यांसाठी पैसे कशाला? आणि तुझा अख्खा अर्ज आहे तो अरबी आणि बंगाली दुभाष्यांसाठीच.

सरकारी व्याख्येत युरोप, मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका इथून आलेले सगळे ‘गोरे’ धरत आले. त्यामुळे तुझ्या गल्लीतल्या पोलिश आजी, नव्वदच्या दशकातल्या युद्धातून निसटून आलेलं बोस्नियन कुटुंब आणि येमेनमधून नुकताच आलेला, इंग्रजीचा गंध नसलेला तरुण हे तिघंही एकाच रकान्यात. कुणाच्या दारात औषधाची चिठ्ठी कोणत्या भाषेत न्यायची, हे त्या रकान्यावरून कसं कळणार?

हे रकाने काही दगडावर कोरलेले नाहीत, हे तुला ठाऊक असावं म्हणून थोडं मागचं सांगतो. १९४२ साली याच डेट्रॉइटच्या संघीय न्यायालयात अहमद हसन नावाच्या येमेनी माणसाने नागरिकत्व मागितलं. तेव्हा नागरिक होण्यासाठी गोरा, आफ्रिकी वंशाचा किंवा अमेरिका खंडांतल्या मूळ रहिवाशांच्या वंशाचा असणं कायद्याने बंधनकारक होतं. न्यायाधीश टटल यांनी अर्ज फेटाळला. कारणं काय, तर त्याची काळसर कातडी आणि मुस्लिम जगाचं युरोपशी नसलेलं साम्य. दोनच वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधल्या न्यायालयाने दुसऱ्या एका अरबाला गोरा ठरवून नागरिक केलं. माणसं तीच, कायदा तोच!

आपलीही गत वेगळी नव्हती. पंजाबहून आलेले भगतसिंग थिंद अमेरिकी लष्करात होते, तरी १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना गोरं मानायला नकार दिला. १९३० आणि १९४०च्या जनगणनेत आपल्या लोकांसमोर ‘हिंदू’ असा वंश लिहिला जायचा, मग तो माणूस शीख असो की मुसलमान. नागरिकत्वाचं दार १९४६ साली उघडलं. १९७०च्या मोजणीत भारतीय चक्क गोऱ्यांत गेले आणि १९८०ला ‘एशियन इंडियन’ असा स्वतंत्र चौकोन आला. इथे साठच्या दशकाच्या अखेरीस आलेले आपल्यातले जुने लोक एकाच घरात, एकाच कातडीत राहून दहा वर्षांत वंश बदलून बसले. तो चौकोन आपोआप मिळाला नाही. इथल्या भारतीय संघटनांनी त्यासाठी सरकारकडे पाठपुरावा केला होता. म्हणून मला रकान्यांचा राग नाही. त्यांत काय दडलंय ते कुणी विचारत नाही, याचा आहे.

आता तुझ्या गावाकडे येतो. जेमतेम दोन चौरस मैलांचं, जवळजवळ चहूबाजूंनी डेट्रॉइटने वेढलेलं हे शहर. १९१० साली इथे साडेतीन हजार लोक होते. डॉज बंधूंचा मोटारींचा कारखाना, ‘डॉज मेन’, आला आणि वीस वर्षांत लोकसंख्या ५६,००० वर गेली, बहुतेक पोलंडमधून आलेली. चर्चं, बेकऱ्या, दुकानांच्या पाट्या, सगळं पोलिश. १९८७ साली मूळचे पोलंडचे पोप जॉन पॉल दुसरे मुद्दाम इथे आले ते उगाच नव्हे. पण त्याआधीच, १९८०च्या सुरुवातीला, डॉज मेन बंद पडला होता. पोलिश मुलं शिकून उपनगरांत गेली, घरं रिकामी पडली, स्वस्त झाली. तिथे येमेनी, बोस्नियन, अल्बेनियन आले, न्यूयॉर्कचं भाडं न परवडणारे बांगलादेशी आले. २०१० ते २०२० या दहा वर्षांत लोकसंख्या २२,४२३ वरून २८,४३३ झाली. मिशिगनमधली कितीतरी जुनी कारखानदारी शहरं आटत असताना हे शहर वाढलं, आणि ते या नव्या माणसांमुळे. हे वाक्य अर्जात हवंच.

तुझ्याकडे येताना मी कोनांट अ‍ॅव्हेन्यूच्या मागच्या गल्ल्यांतून मुद्दाम गाडी हळू घेतो. पोलिश कामगारांनी बांधलेली ती लाकडी, अरुंद, एकमेकांना खेटून उभी असलेली घरं. उन्हाळ्यात त्यांच्या परसात बांबू, दोऱ्या आणि जुन्या पाइपांचे मांडव उभे राहतात आणि त्यांवर दुधीचे वेल चढतात. काही वेल गल्लीतल्या तारेच्या कुंपणावर पसरलेले असतात, आणि दुधी इतके लांब की फाटक उघडताना डोक्याला लागावेत. एकदा एका बांगलादेशी मावशींनी भाव न घेता एक दुधी हातात ठेवला, तुझ्या आईने त्याचे कोफ्ते केले होते. शेजारच्या घरासमोर मदर मेरीची मूर्ती होती. मला हे शहर आवडतं, मुक्ता, म्हणून एवढं लिहितोय.

पण सगळं गोडगोड लिहू नकोस. १९९९च्या नोव्हेंबरातल्या मतदानाला काही लोकांनी केंद्रावर उभं राहून सावळ्या आणि अरबी दिसणाऱ्या मतदारांना अडवलं. ते नागरिक नाहीत असा आक्षेप घेतला आणि त्यांच्याकडून आपण नागरिक असल्याची शपथ घेववली गेली. गोऱ्या दिसणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. म्हणजे कागदावर येमेनी ‘गोरे’ आणि मतदान केंद्राच्या दारात नाहीत. पुढच्या वर्षी केंद्र सरकारच्या न्याय खात्याने शहरावर दावा लावला आणि ते बंद करवलं. त्याच्याही आधीची गोष्ट कृष्णवर्णीयांची. ‘नागरी नूतनीकरणा’च्या नावाखाली त्यांच्या वस्त्या उठवल्या. १९६८ साली त्यांनी दावा लावला, १९७१ साली न्यायाधीश डेमन कीथ यांनी शहराने हे हेतुपुरस्सर केल्याचा निकाल दिला. बदली घरं पुरी व्हायला मात्र पुढची काही दशकं गेली. तुझ्या दवाखान्यात येणारे वयस्क कृष्णवर्णीय रुग्ण सरकारी योजनेचं नाव काढताच गप्प होतात असं तू म्हणालीस ना, त्यामागे यातलं काही आहे का ते बघ. तुझ्या वाक्यात त्यांना तिसरा क्रमांक मिळालाय, एवढंच.

२००४ साली मशिदीला भोंग्यावरून अजान देण्याच्या परवानगीवरून देशभर गाजावाजा झाला, शहरात मतदान झालं आणि परवानगी टिकली. २०२१ साली येमेनमध्ये जन्मलेले आमेर गालिब महापौरपदी निवडून आले, त्याआधी शतकभर तिथे पोलिश वंशाचेच महापौर होत होते. २०२२ साली सगळी नगरपरिषद मुस्लिम झाली. त्यात येमेनी होते, बांगलादेशी होते, आणि इस्लाम स्वीकारलेल्या अमँडा याच्कोव्स्की ही पोलिश अमेरिकन बाईही होती. तिला कुठल्या रकान्यात घालणार? पुढच्याच वर्षी या परिषदेने शहराच्या जागेवर प्राइड ध्वज, म्हणजे समलिंगी आणि इतर लैंगिक अल्पसंख्याकांचा झेंडा, लावायला मनाई केली आणि ज्यांनी या नव्या शेजाऱ्यांची वर्षानुवर्षं बाजू घेतली होती ते दुखावले. माझ्या मते परिषदेचं चुकलंच. गप्प बसणं मला जमत नाही, आणि तूही या प्रश्नावर गप्प बसू नयेस असं वाटतं. पण परिषदेतल्या मतांवरून अख्ख्या समाजाला नाव ठेवणाऱ्यांतही तू जाऊ नकोस.

मोजणीचं महत्त्व मात्र लोकांना पटवून दे. २०११ साली जनगणना खात्याने हॅमट्रॅम्कमध्ये मतपत्रिका बंगालीतही द्यायलाच हव्यात असं ठरवलं, ते बंगाली बोलणारे पुरेशा संख्येने मोजले गेले म्हणून. अरबी बोलणारे तिथे किती आहेत ते तू रोज पाहतेस, पण मतदान हक्क कायद्याचं ते कलम फक्त आशियाई, स्पॅनिश, मूळ अमेरिकी आणि अलास्काच्या भाषांना लागू आहे. अरबी त्यात बसत नाही. ‘गोरे’ म्हणून मोजल्याची ही अशी किंमत. २०२०च्या फॉर्मवर ‘गोरा’ या चौकोनाखाली मूळ लिहायला जागा होती आणि उदाहरणांत लेबनीज, इजिप्शियन असं छापलंही होतं. ज्यांनी तिथे ‘येमेनी’ लिहिलं ते २०२३ साली आलेल्या तपशीलवार आकड्यांत दिसतात, ज्यांनी कोरं सोडलं ते नाहीत. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिका’ असा स्वतंत्र गट जाहीर केला. तोही अर्जात नमूद कर.

तेव्हा तक्ता तसाच ठेव, पण त्याखाली चार ओळी घाल. गोऱ्यांच्या रकान्यात येमेनी आणि बोस्नियन आहेत हे लिही. आशियाई म्हणजे इथे मुख्यतः बांगलादेशी, हे लिही. सुमारे ४० टक्के लोकांचा जन्म परदेशातला आहे हे लिही. आणि जनगणनेचे तपशीलवार आकडे जोड, मूळ देशानुसार आणि घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेनुसार. दुसरा मसुदा झाला की पाठव, मी शनिवारी सकाळी मोकळा आहे. आईने डिंकाचे लाडू केलेत, रविवारी घेऊन येतो.

तुझा,
बाबा