आधी बंगई (झोपाळा), मग बाकीचं घर

सेलू, जि. वर्धा
८ जून २०२५

प्रिय विजय,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, प्लास्टर होत आलं, दिवाळीला घरभरणी करायची म्हणतो, तर आधी काय काय घेऊ? फोनवर याचं उत्तर धड देता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो. मृग लागतो आहे, पण पेरणीजोगा पाऊस व्हायला अजून अवकाश आहे. वावर वखरून तयार आहे आणि हात रिकामे आहेत.

आमच्या घरभरणीला येत्या दिवाळीत तीन वर्षं होतील. या तीन वर्षांत जे चुकलं तेच आधी सांगतो, कारण ते तुझ्या जास्त कामाचं आहे.

पाहुणे येणार म्हणून आम्ही बैठकीला घाईघाईत पुट्टी मारून रंग दिला. प्लास्टर पुरतं वाळलंच नव्हतं. पहिल्याच पावसाळ्यात खालच्या दोन फुटांत पोपडे आले. पुढच्या एप्रिलमध्ये खिडकीच्या कोपऱ्यापासून वर तिरपी भेग गेली. तुला काळ्या मातीचं काय सांगायचं! पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात बोट जाईल इतकी फाटते आणि घर तिच्यावरच उभं असतं. बाकीच्या दोन खोल्यांना पैसा नव्हता म्हणून नुसता चुना मारला होता, त्या मात्र बचावल्या. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ दिला, जिथे फाटायचं तिथे भिंत फाटली, भेगा कोरून भरल्या आणि मग प्रायमर, रंग केला. वर्ष होऊन गेलं, भिंतीवर डाग नाही. बैठकीचं काम दोनदा करावं लागलं. तू घरभरणीला चुनाच मार. पांढरं घर पाहून कोणी नावं ठेवत नाही.

दुसरी चूक दिवाणाची. पहिल्या वर्षी तुरीचे पैसे हातात आले आणि तालुक्याच्या एका दुकानातून चकचकीत दिवाण आणला, सोळा हजारांचा. आतून तो भुशाचा बोर्ड निघाला. फरशी पुसायचं पाणी आणि पावसाळी दमट हवा, एवढ्यानंच त्याचे पाय चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे फुगले. दुकानदार म्हणाला, पाणी लागू द्यायचं नव्हतं. घरात पाणी लागणार नाही अशी वस्तू कोणती, सांग! सोळा हजारांपेक्षा मला त्या तुरीच्या शेंगा सोंगतानाचे दिवस आठवून जास्त वाईट वाटलं. तेव्हाच ठरवलं की एका पिकाचा पैसा एकाच वस्तूत घालायचा आणि ती वस्तू आपल्या डोळ्यांसमोर तयार करून घ्यायची.

म्हणून बंगई. जुनं घर पाडलं तेव्हाची ती सपरीची, म्हणजे पडवीची, तुळई तुला आठवत असेल. पंचमीला आपण तिलाच झोका बांधायचो आणि तुझी आजी ओरडायची, "काहून रे पोट्टेहो, घर पाडता काय?" कवेलू (कौलं) विकले, माती वावरात टाकली, पण ती तुळई बाबांनी विकू दिली नाही. दोन वर्षं ती गोठ्यात आडवी पडली होती, धुरानं काळी झालेली. सुताराला दाखवली तर त्यानं पटाशीनं थोडं खरवडलं, नाकाशी नेलं आणि म्हणाला, "भाऊ, हा सागवान आता पैसे देऊनही भेटत नाही." अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये आपल्या बल्लारपूरहूनच सागवान गेला, ती बातमी तूही वाचली असशील. आमची तुळईही त्याच मुलखातली. आजोबांनी चांदा (चंद्रपूर) भागातून बैलबंडीवर आणली होती, असं बाबा सांगतात.

खिळे काढायलाच त्याला अर्धा दिवस लागला. एक खिळा आत मोडून राहिला, रंध्याचं पातं त्याच्यावर गेलं आणि पात्याला दात पडला. मग तो हातानं चाचपत, थांबत थांबत काम करू लागला. काळी साल गेली तसं खालून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं आणि अंगणभर सागाचा तो तेलकट वास सुटला. मधोमध आपल्या झोक्याच्या दोराचे दोन घळ होते, बोटभर खोल. तो ते रंधून काढणार होता. बाबा बाजूला खाटेवर बसले होते, त्यांनी नुसता हात वर केला. ते घळ तसेच राहिले. आता बंगईच्या पाटीच्या पुढच्या कडेला आहेत. बसलं की हात आपोआप तिथेच जातो.

एक गोष्ट विसरू नको. आम्ही स्लॅब टाकतानाच सळईला हूक बांधून घेतले होते. तुझा स्लॅब होऊन गेला. वरून भोक पाडून आरपार बोल्ट टाकता येईल का, ते जाणत्या मिस्त्रीला विचार. नसेल जमत तर खाली उभ्या लोखंडी चौकटीत टांग. नुसत्या छतात ठोकलेल्या खुंटीच्या भरवशावर माणसं बसवू नको.

बंगई आली आणि घर लागलं. बाबा दुपारी तिथेच लवंडतात, पोरं तिथेच अभ्यास करतात, आलेला माणूस तिथेच टेकतो. सोफा घ्यायचं मग कोणाच्या मनातही आलं नाही.

पुढच्या कापसातून गाद्या केल्या. क्विंटलभर कापूस विकायचा नाही असं ठरवलं आणि जिनिंगवरून त्याची रुई करून आणली. तेहतीस-चौतीस किलो निघते, म्हणजे दहा-दहा किलोच्या तीन गाद्या आणि उरल्यात दोन उशा. पिंजारी मशीन घेऊन अंगणातच आला. रुई फुलून गुडघाभर झाली, आईच्या केसांवर, तुळशीवर, सगळीकडे तंतू. गादीवर पहिल्या रात्री आडवा झालो तेव्हा वाटलं, इतकी वर्षं कापूस पिकवला, पाठीखाली आज पहिल्यांदा आला. वहिनींना सांग, खोळ जाड कापडाची घ्या आणि उन्हाळ्यात दोनदा गाद्या उन्हात टाका. बाकी काही करावं लागत नाही.

उन्हाचं मात्र आधीच पाहून ठेव. तुझी बैठक पश्चिमेला आहे ना? मे महिन्यात चारनंतर त्या भिंतीला हात लावून बघ. आमच्याकडे त्याच भिंतीला कपाट लावलं होतं, आतले कपडे इस्त्री केल्यासारखे गरम निघायचे. आता ते पूर्वेला आहे आणि पश्चिमेच्या खिडकीबाहेर बुरडाकडून करून घेतलेली बांबूची ताटी. कूलर खिडकीत लावलास तर समोरचं दार किंवा खिडकी उघडी ठेव. खोली बंद केली की दमटपणा साचतो, गारवा येत नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत गच्चीला चुना मारून घे. आम्ही दरवर्षी मारतो आणि रात्री फरक कळतो.

स्वयंपाकघराचं एकच सांगतो. ओटा टाकायच्या आधी वहिनींना तिथे उभं करून उंची ठरव. आमच्या मिस्त्रीनं त्याच्या सवयीनं टाकला, तो सुलभाला उंच पडतो. पोळ्या लाटताना तिचे खांदे भरून येतात. ते मला रोज दिसतं आणि आता तोडताही येत नाही.

आणि भिंतींवर काय लावायचं म्हणशील तर एकदा सेवाग्रामला ये. शाळेच्या सहलीत आपण नुसते धावत होतो, या वेळी निवांत बघ. १९३६ मध्ये गांधीजी राहायला आले तेव्हा झोपडीला शंभर रुपयांच्या वर खर्च नको आणि सामान आसपासचंच हवं, अशी त्यांची अट होती. बापूकुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीत उठवलेली ताडाची झाडं आहेत. विकतचं एक चित्र नाही, तरी ती भिंत रिकामी वाटत नाही. सुलभा आणि मोठी पोरगी ते बघून आल्या आणि सपरीच्या भिंतीवर पळस करायला बसल्या. सिमेंटवर माती धरेना, दोनदा गळून पडली. मग भिंतीला टाचे मारले, मातीत बारीक कुटार (भुसा) आणि फेव्हिकॉल कालवला, तेव्हा टिकली. फुलं गेरूची आहेत. पावसाची झड येत नाही अशाच भिंतीवर हे कर.

पडदे, शोकेस, टीव्हीचं युनिट याबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही. लागेल तेव्हा ये-जा करताना घेता येतं.

तुळईचा अडीच फुटांचा एक तुकडा उरला आहे. तुमच्या देवघराला पाट होईल, असं सुतार म्हणाला. रुंदी किती हवी ते मोजून कळव. दोन्ही टोकं साफ करून घरभरणीला घेऊन येतो.

काका-काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिलीप