विषय: 22 मजली इमारतीची हायड्रंट लाइन आणि तुमचा फॉर्म बी

व्यवस्थापक,
देखभाल विभाग

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनवर चौथ्यांदा बोललो. आता लेखीच देतो.

आग विझवण्याच्या पाण्याच्या लाइनमध्ये दाब टिकवणारा आमचा छोटा जॉकी पंप दर चार मिनिटांनी सुरू होतो, रात्रभर. लाइन कुठेतरी गळतेय, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमचा माणूस आला, पॅनेल 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर टाकलं आणि गेला. आवाज बंद! आग लागली तर मेन पंपही बंदच राहणार, कारण वॉचमनने तळघरात धावत जाऊन बटण दाबायचं. मोबाइलवर लगेच तुमचा मेसेज: 'तक्रार निवारण झाले.' पॅनेल आम्हीच पुन्हा ऑटोवर टाकलं.

मग 22व्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह उघडला. आलेली धार बागेला पाणी घालायला ठीक होती. पंप चालू असताना खालच्या गेजवर दाब सात किलो. तुमचा माणूस म्हणतो, "सात आहे की काका, भरपूर." 66 मीटर पाणी चढवण्यातच साडेसहा किलो जातात आणि टोकाला साडेतीन हवेत. गणित चौथीतलं आहे.

आजचा फोन तर फ्रेम करून लावण्यासारखा. वीस मिनिटं सनई ऐकवल्यावर बाईंनी विचारलं, "सर, आत्ता आग लागली आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग तुमची तक्रार तातडीची म्हणून नोंदवता येणार नाही."

"आणि लागली असती तर?"

"तर सर, तुम्ही 101ला फोन करायचा."

वर "आणखी काही मदत करू का?" हेही विचारलं. मी कोणावर आवाज चढवत नाही. आज चढवला.

जुलैचा फॉर्म बी, म्हणजे तुमचं देखभालीचं प्रमाणपत्र, मात्र वेळेवर आला, 'सर्व यंत्रणा सुस्थितीत' म्हणून. गेटचं रजिस्टर पाहिलं. सही करणारे गृहस्थ जून-जुलैत एकदाही आत आलेले नाहीत. कुरिअरवाला आला होता, त्याची नोंद आहे.

वार्षिक देखभाल कराराचा (एएमसी) दुसरा हप्ता रोखला आहे. आठ दिवसांत गळती काढून, 22व्या मजल्यावर आमच्यासमोर साडेतीन किलो दाखवा. नाहीतर फॉर्म बी आणि रजिस्टरची प्रत अग्निशमन सेवा संचालनालयात जाईल. तुमचा परवाना तिथूनच येतो.

आणि जॉकी पंप अजूनही दर चार मिनिटांनी सुरू होतो.

सेक्रेटरी, गृहनिर्माण संस्था