पाण्यात नाचणं हा पण खेळच आहे

मा. संपादक साहेब,

पॅरिस ऑलिम्पिकमधल्या आर्टिस्टिक स्विमिंगचा (आधी सिंक्रोनाइज्ड स्विमिंग म्हणायचे) व्हिडीओ मी घरात दाखवला तर पाहुणे म्हणतात, "पाण्यात नाचायलेत की ह्या, ह्याला मेडल कशाला?"

कशाला ते सांगते. पूलच्या तळाचा आधार घ्यायचा नाही, घेतला की मार्क कापतात. छातीपर्यंत पाण्याबाहेर दिसतात ना त्या पोरी, तेव्हा खाली दोन्ही पाय आळीपाळीनं गरागरा फिरत असतात. डोकं खाली करून पाय सरळ वर काढले की तोल सगळा तळहातांवर, नाकाला क्लिप, श्वास रोखलेला, गाणं पाण्याखालच्या स्पीकरमधून ऐकायचं आणि हे आठ जणींचं एकसारखं. आपल्या शिवजयंतीच्या लेझीम पथकात एकीचा ठेका चुकला तर रस्त्यावरच्या सगळ्यांना कळतंय, तसंच ते. 2022 ला बुडापेस्टच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये अमेरिकेची अनिता अल्वारेझ गाण्यावरचं सादरीकरण (रुटीन) संपता संपता बेशुद्ध होऊन तळाला चालली होती, कोचनंच अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारून वर काढली. नुसता नाच असता तर असं झालं असतं का?

आणि नाच नाहीच असं पण नाही हं. कुठल्या अवघड हालचाली करणार ते टीमनं आधी लिहून द्यायचं, तसं जमलं नाही तर मार्क धडाधड खाली येतात, पण हावभाव आणि गाण्याशी मेळ ह्याचे मार्क वेगळे असतातच. 1984 पासून ऑलिम्पिकमध्ये आहे हा खेळ, पॅरिसला टीमचं गोल्ड चीननं नेलं.

हे सगळं लिहायचं कारण, माझी मुलगी भरतनाट्यम पण करते आणि पोहते पण, आणि शाळेतून सारखं ऐकवतात की डान्स नाहीतर स्पोर्ट्स, एक काहीतरी धरा. बेळगावात गल्लोगल्ली डान्स क्लास आहेत, उन्हाळ्यात पूलवर पाय ठेवायला जागा नसते, खानापूर निपाणीकडची पोरं तर विहिरीतच शिकतात, पण फ्रीस्टाईल आली की पुढं सगळा हिशोब टायमिंगचाच. पूलवाल्यांनी खोल बाजूला मोठ्या मुलींची एक बॅच, लाईफगार्ड उभा करून, सुट्टीत तरी चालवून बघावी, डान्सच्या टीचरना पण बोलवावं. तुम्ही क्रीडा पानावर ह्यावर फोटोसकट काहीतरी छापलात तर ते कात्रण घेऊन मी स्वतः पूलच्या ऑफिसात जाते.

एक पालक, टिळकवाडी, बेळगाव