सूचना : शिष्यवृत्ती आणि कॉलेज अर्जाचा निबंध

बारावीच्या मुलांनी रविवारी सकाळी 10 वाजता मंडळाच्या खोलीवर निबंधाचा कच्चा खर्डा कागदावर घेऊन यावे. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या ‘कॉमन ॲप’ अर्जात मुख्य निबंधाला 250 ते 650 शब्दांची मर्यादा आहे. ‘लहानपणापासून समाजसेवेची आवड’ कृपया नको, ते सगळेच लिहितात. मालवणच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढायला हात लावला असेल, मासळीच्या लिलावात आईसाठी बांगड्याचा भाव वहीत टिपला असेल, तर तेच लिहा : भाव कोण पुकारतं, आई कुठल्या आकड्याला मान हलवते, तुम्हाला त्यातून काय प्रश्न पडला. टक्के गुणपत्रिकेत असतातच. पालकांनी शुद्धलेखन जरूर तपासावे, आपली वाक्ये घुसडू नयेत. (बाबांची भाषा लगेच ओळखू येते!)