गॅलिलिओ, न्यूटन आणि मधले ३६१ दिवस

प्रिय सुहास,

तुझ्या लेखाचा मसुदा वाचला. ‘गॅलिलिओ गेला त्याच वर्षी, १६४२ साली, न्यूटन जन्मला’ या ओळीवर तू फारच खूश दिसतोस. तुझ्या उत्साहावर विरजण घालणं जिवावर आलंय, पण छापून येण्याआधी सांगितलेलं बरं.

गॅलिलिओ गेला ८ जानेवारी १६४२ ला. ही तारीख ग्रेगोरियन, म्हणजे आपण आज वापरतो त्या कॅलेंडरची. न्यूटनची २५ डिसेंबर १६४२ मात्र इंग्लंडातली, म्हणजे त्याआधीच्या ज्युलियन कॅलेंडरची. पोपने काढलेलं ग्रेगोरियन कॅलेंडर इंग्लंडने १७५२ पर्यंत घेतलंच नव्हतं. आता दोघांना एकच माप लाव. ग्रेगोरियनने न्यूटनचा जन्म येतो ४ जानेवारी १६४३ ला, ज्युलियनने गॅलिलिओचा मृत्यू २९ डिसेंबर १६४१ ला. म्हणजे वर्ष जुळतं ते एकाची तारीख इकडची, दुसऱ्याची तिकडची घेतली तरच!

या घोळाचं मूळ अगदी किरकोळ आहे. ज्युलियन वर्ष ३६५.२५ दिवसांचं, ऋतूंचं सुमारे ३६५.२४२२ चं. वर्षाला अकरा मिनिटं, पण साठत साठत वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखी होण्याचा दिवस, दहा दिवस मागे आला. म्हणून १५८२ मध्ये गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर उजाडला. तारखा गाळल्या, वाराला कुणी हात लावला नाही. न्यूटन जन्मला तो दिवस दोन्हीकडे रविवारच. जुन्या कागदावर वार लिहिलेला असला की तारीख पडताळायला केवढा आधार मिळतो, ते यावरून कळेल.

दोघांमध्ये अंतर आहे ३६१ दिवसांचं, आणि ते कुठल्याही कॅलेंडरने बदलत नाही. पण हिजरी वर्ष निव्वळ चंद्रावर चालतं, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. तिथे हे दोघे एका वर्षात मावणंच शक्य नाही. ज्यू वर्ष शरदात बदलतं, शक चैत्रात. दोन्हींत मध्ये नवं वर्ष लागून गेलेलं. ही दोन्ही महिने चंद्राचे ठेवतात आणि वर्ष सूर्याशी जुळवतात. दरसाल पडणारी सुमारे अकरा दिवसांची तूट अधिक महिन्याने भरून निघते. ज्यूंचा हिशेब ठरलेला, १९ वर्षांत ७ अधिक महिने. पंचांगात मात्र ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत, म्हणजे नव्या राशीत प्रवेश, होत नाही तो अधिक. किचकट आहे, पण मला हीच रीत जास्त पटते. पक्षपाती म्हण हवं तर.

इंग्लंडात आणखी एक गंमत होती. तिथे कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे न्यूटन गेला २० मार्च १७२६ ला, असं तिथल्या हिशेबाने. आपण १७२७ म्हणतो. पुढे वर्षारंभ १ जानेवारीला आणताना १७५१ साल २८२ दिवसांतच आटोपलं.

खगोलशास्त्रज्ञांनी या सगळ्याला बगल दिली. ज्युलियन पद्धतीच्या इ.स.पू. ४७१३ च्या १ जानेवारीपासून ते दिवसांना नुसते ओळीने क्रमांक देतात. महिना नाही, वर्ष नाही. दिवस मध्यान्हीला बदलतो, म्हणजे युरोपातल्या वेधशाळेत एका रात्रीचे वेध एकाच क्रमांकाखाली राहतात. वरचे ३६१ तिथे एका वजाबाकीत निघतात.

ती ओळ ठेवायचीच असेल तर ‘गॅलिलिओ गेल्यावर वर्षाच्या आत न्यूटन जन्मला’ असं कर. हिजरी वर्ष मोजणारा एखादा वाचक हरकत घेईल, त्याला माझ्याकडे पाठव.

तुझा,
मोहन