सौर पॅनल गच्चीवर, मीटर कागदावर: ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. काल ३,४१० रुपयांचं वीजबिल हातात पडलं, म्हणून लिहायला बसलो.

पंतप्रधान सूर्यघर योजनेतून ११ मार्चला माझ्या गच्चीवर सहा पॅनल बसले, तीन किलोवॉटचे. आज १२ जून. नेट मीटर, म्हणजे आपण घेतलेली आणि सरकारी तारेत परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारं मीटर, लागलेलं नाही, म्हणून पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर बंद. पॅनल नुसते तापतात. बँकेला मात्र मीटरशी घेणं नाही. पॅनलच्या कर्जाचा दरमहा १,९५० रुपयांचा हप्ता एप्रिलपासून कापला जातो. ७८ हजारांचं अनुदान मीटर लागून तपासणी झाल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे हप्ताही माझा, बिलही माझं. दिवसाला बारा युनिट धरली तरी हजारावर युनिट वीज मातीत गेली. ती कोण भरून देणार?

वीज कार्यालयात नऊ खेपा झाल्या. एकदा मीटर शिल्लक नाही, एकदा साहेब मीटिंगला, एकदा फाईल जळगावला. ६८ वर्षांच्या माणसाला बसा म्हणायचीही कुणाला गरज वाटली नाही.

मे महिन्यात अमळनेरला पारा ४४ च्या पुढे होता. आमचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर पाडून स्लॅब टाकला, तेव्हापासून दुपारी घरात भट्टी असते. लाईट गेली की आई विचारायची, "भाऊ, वर इतलं ऊन शे, मंग पंखा बंद का शे?" नव्वदीच्या बाईला मी काय सांगू? बॅटरी नसेल तर लाईट गेल्यावर हे पॅनलही बंद पडतात, हे मला पैसे भरल्यावर कळलं. पत्रकावर 'मोफत वीज' तेवढं ठळक होतं.

१३ फेब्रुवारी २०२४ ला योजना जाहीर झाली. एक कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपये, महिन्याला ३०० युनिट मोफत. आकडे आम्हाला पाठ झालेत. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ सरकारचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहतो आणि एका घराला मीटर मिळत नाही, याला ऊन कमी पडलं असं तर कुणी म्हणणार नाही ना? केळीचा विमा असो की कापसाचे पैसे, खान्देशच्या माणसाचा अर्ज लगेच घेतात, पुढे त्याला फक्त तारखा मिळतात. आयुष्यभर हेच पाहत आलो.

मीटर लागेपर्यंत हप्ता थांबवा, उशिराची नुकसानभरपाई बिलातून वळती करा, आणि पैसे घेण्याआधी बॅटरीचं लेखी सांगणं सक्तीचं करा. माझं मीटर कोणत्या तारखेला लागणार, तेवढं कुणाच्या तरी सहीनिशी कळवा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
अमळनेर, जि. जळगाव